चौथी गोळी

परभणीच्या मुख्यालयात शस्त्रागाराची खोली उत्तरेला तोंड करून आहे,
तरी मे महिन्यात पाना उचलला की तळहात पोळतो.
एकोणीस वर्षं झाली मला इथं.
डाव्या कानात एक रातकिडा कायमचा राहायला आलाय,
त्याच्याकडून भाडं घेत नाही.

फौजदार रेणुका घनसावंत सोनपेठहून आल्या.
टेबलावर पिस्तूल ठेवलं, शेजारी
हैदराबादहून मागवलेलं खोकं:
रबराची मूठ, हलका ट्रिगर, जाड स्प्रिंग,
अंधारात चमकणारी हिरवी माशी.
साडेअकरा हजारांची पावती. पगारातून.
"हे सगळं बसवा, उस्ताद."

सरावात काय झालं ते त्यांच्याआधी माझ्यापर्यंत आलं होतं.
तीन गोळ्या सुटल्या, चौथी नाक खाली घालून अडली,
पाणी दाखवलं तरी मान न उचलणाऱ्या बैलासारखी.
मागून कुणीतरी म्हणालं, बाईचं मनगट ढिलं.
तीनदा अडली. तीनदा हसले.

वस्तू वाईट नव्हत्या, खोटं कशाला बोलू.
माशी तर अशी की नेऊन देव्हाऱ्यात ठेवावी.
पण हत्यार सरकारचं, मॅडम,
जसं आलं तसं वहीत लिहिलेलं.
उद्या कोर्टात वकील विचारील, ट्रिगर हलका कुणी केला?
तवा काय सांगताल?

करीमोद्दीन उस्ताद पहिल्याच दिवशी म्हणाले होते:
पहले मॅगझीन देख, फिर पिस्तूल देख,
आदमी को सबसे आखिर में देख.

खोललं.
आत सोनपेठची काळी धूळ, सोयाबीनच्या मळणीची भुकटी,
आणि तेल, तेल, तेल. सगळ्याचा मिळून चिकटा.
"लेकराच्या टाळूवर घालतो तसं घालू नका हो,
एक थेंब बास."
मॅगझीन दोन. एकीवर मुलीच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला,
तिची स्प्रिंग काढून नवीच्या शेजारी उभी केली:
दोन बोटं बुटकी.

भरून ठेवली म्हणून स्प्रिंग थकते, असं सगळे सांगतात.
तसं नाही.
दाबली, सोडली, दाबली, सोडली, त्यानं थकते.
गणपती, ईद, निवडणूक असा बंदोबस्त करून आलेल्याला
हे वेगळं समजवावं लागत नाही.

पन्नास गोळ्यांच्या मंजुरीला तीन अर्ज, एक महिना.
मैदानावर मॅडमना दुसरी मॅगझीन दिली. सुरळीत.
ठिपक्याची, जुन्याच स्प्रिंगसकट,
मी काही न बोलता राखीव निरीक्षकांच्या पिस्तुलात घातली.
तालमीतलं मनगट त्यांचं, घोरपडीची पकड.
एक.
दोन.
तीन.
चौथी नाक खाली घालून बसली.
कुणी हसलं नाही.
लांब कुठंतरी टिटवी ओरडली, तीही माझ्या उजव्या कानाला.

संध्याकाळी रिकाम्या पुंगळ्या मोजल्या: एकोणपन्नास.
एक कमी म्हणजे घरी कुणीच नाही.
निरीक्षकांसकट सगळे कुसळात गुडघ्यावर,
मोबाईलचे दिवे लावून, अंगभर कुसळं रुतवून घेत.
साडेआठला सापडली,
निरीक्षकांच्याच पँटच्या दुमडीत.

वहीत लिहिलं: मॅगझीन क्रमांक दोन, स्प्रिंग बदलली.
मनगटासाठी तिथं रकाना नाही. मी पुन्हा एकदा पाहिलं.

खोकं मॅडमनी परत बांधलं.
दारात थांबून म्हणाल्या,
"आता हिच्यावर भरवसा ठेवू ना, उस्ताद?"
"नका ठेवू," मी म्हणालो,
"दर महिन्याला घेऊन या."